पाणी कुठं मुरतं

मर्डीनाबाईंचा फोन आला तेव्हा पहाटेचे पाच.
"टिबो, बाथटबमध्ये खालून कोणीतरी बोलतंय."
काय बोलतंय?
"गुडगुड. मग काळं पाणी."
म्हटलं, नळ बंद, वॉशिंग मशीन बंद,
आणि कोणाला घाई लागलीच तर झाडामागे पाठवा.
"कोणाला पाठवू?" त्या म्हणाल्या,
आणि फोन ठेवला.

केप ब्रेटनच्या या तळ्याकाठची घरं
मी आतड्यांवरून ओळखतो.
लोक दाराचा रंग सांगतात, मी टाकीचं माप.
पाणी कुठं मुरतंय याचा जगाला संशय,
माझा धंदा उलटा:
मुरायचं थांबलं की मला बोलावतात.

मार्च. गुडघाभर बर्फ, वर पावसाचा कडक पापुद्रा.
टाकी कुठं पुरलीय ते एका रॉडीला माहीत,
आणि रॉडी ऑक्टोबरपासून चर्चमागच्या टेकडीवर,
टाकीपेक्षा खोल.

बाईंनी खिडकीतून हात केला: "सफरचंदापाशी बहुतेक."
मग: "नाहीतर ट्रॅक्टरच्या शेडकडे."
चाळीस वर्षं एका छताखाली,
आणि पायाखालचं दोघांतल्या एकालाच ठाऊक.

सळई घेऊन अंगण टोचत फिरलो.
दगड. दगड. मूळ. दगड.
मग मांजर दिसलं.
पिवळं, एक कान थंडीनं झडलेला,
पांढऱ्या अंगणातल्या एकुलत्या काळ्या तुकड्यावर
पाय पोटाशी घेऊन बसलेलं.

"रॉडी तिथंच उभा राहून सिगारेट ओढायचा," बाई म्हणाल्या.
"अजून वाट बघतं त्याची."

टाकीला ऊब असते. बर्फ तिथं आधी सुटतो.
हे मी बाईंना सांगितलं नाही.
मांजराला फक्त म्हटलं, ऊठ बाबा.
सळई ठण्णकन वाजली.

झाकण सरकल्यावर जे वर येतं
त्याला आम्ही वास म्हणत नाही.
नाकानं कांदे सोलणाऱ्यांनी
एकदा माझ्या ट्रकमधून फिरावं.

पंप लावला. पातळी हलली, पण घराकडचा पाइप गप्प.
तोंडाशी हूक घातला, ओढला.
वाटलं होतं मुळं असतील,
विलोची मुळं कुठून कुठून पाण्याचा माग काढत येतात.
मुळं नव्हती.
ओले वाइप्स. दोरखंडासारखे पिळलेले,
हातभर, दोन हात, संपेचनात.
एप्रिल ते ऑक्टोबर.
अंथरुणाला खिळलेल्या माणसाला
रात्रीतून किती वेळा पुसलं
याचा हिशेब बायको ठेवत नाही.
पाइप ठेवतो.

पाकिटावर छापलेलं असतं, फ्लश चालेल.
छापणाऱ्याच्या हातात एकदा हा हूक द्यायचाय मला.

त्या मागच्या दारात आल्या,
अंगात रॉडीचा कोट, बाह्या दोनदा दुमडलेल्या.
"काय निघालं?"
"मुळं," मी म्हणालो. "विलोची."

त्यांनी अंगणाच्या टोकाला पाहिलं.
मीही पाहिलं.
विलो तीन वर्षांमागच्या वादळात पडला होता,
त्याचा ओंडका मीच तर नेला होता, सरपणाला.

"बरं," त्या म्हणाल्या. "मुळं तर मुळं."

झाकणापाशी खुंटी ठोकली, वर लाल फीत,
पुढच्या वेळी शोधाशोध नको.
एकट्या माणसाची टाकी भरायला
किती वर्षं लागतात ते मला पाठ आहे.
तेही बोललो नाही.
मांजर येऊन, खुंटी हुंगून,
आपल्या जागी बसलं.

स्वयंपाकघरात कोपरापर्यंत हात धुतले.
बाई साबण धरून शेजारी उभ्या.
पाणी फिरलं, जरासं अडलं,
दोघांचाही श्वास अडला,
आणि गेलं.

बिलावर 'कारण' असा एक रकाना असतो.
मी लिहिलं: मुळं.
त्यांनी चष्मा लावला, वाचलं,
एक एक अक्षर, सावकाश,
आणि सही केली.