वाफसा

कौसडीकरांचा फोन आला भर दुपारी,
मिस्त्री, काम कूलरचं नाही, पण तुमच्याच लाइनीतलं आहे.
एप्रिलातच परभणीत बेचाळीस. वसमत रोडचं डांबर
सायकलच्या चाकाला चिकटून वर येत होतं.

दुसऱ्या मजल्यावर काचेची पेटी,
पेटीत चॉकलेटी-पिवळं वेटोळं, वेटोळ्यात खुपसलेलं तोंड.
आफ्रिकेतला अजगर. नाव गुंडाप्पा.
मी दारातच थांबलो.
"भिऊ नका, याचा कागद आहे," म्हणत त्यांनी
लॅमिनेट केलेली नोंदणी दाखवली.
मला हसू आलं. आमच्या रेशनकार्डावर
धाकट्या निखतचं नाव अजून चढलेलं नाही.

कात तुकड्यातुकड्यांनी निघाली होती.
शेपटीला जुन्या कागदासारखी वळी,
डाव्या डोळ्यावर एक दुधाळ टिकली तशीच चिकटलेली.
"हवेत ओलच नाही हो. साठ पाहिजे,
कात टाकताना सत्तर. हे बघा."
एकवीस.
काट्याकडे बघता बघता मी ओठांवरून जीभ फिरवली.

बावीस वर्षं मी या गावाला गारवा विकतोय:
वाळ्याच्या ताट्या, पंप, फ्लोट.
म्हणालो, खिडकीत छोटा कूलर बसवू, विषय संपला.
ते म्हणाले, वारा नको त्याला.
वारा नको!
मग माझ्याकडे उरलं काय?

सलूनवाल्याची बाटली आणली,
तीन वेळा फवारा मारा म्हणून सांगून आलो.
आठव्या दिवशी काटा ब्याऐंशीवर, काच आंधळी,
पेटीला बुरशीचा वास,
आणि गुंडाप्पाच्या पोटाखालच्या खवल्यांवर तांबूस डाग.
कौसडीकर काही बोलले नाहीत. चहा मात्र आला नाही.

त्या रात्री मामू आठवले. पाथरीकडची त्यांची भारी काळी,
पेरणीआधी ढेकूळ मुठीत दाबायचे.
पाणी सुटलं तर थांब.
गोळाच होईना तर उशीर झाला.
गोळा व्हावा, आणि बोट लावलं की फुटावा,
त्याला वाफसा म्हणायचे.
त्यावर ज्वारी यायची थंडीभर,
वरून एक थेंब नसताना.

सकाळी पेटी रिकामी केली.
काथ्याचा भुसा चार बोटं पसरला, मुठीत दाबून बघितला,
पाणी कोपऱ्यातून सोडलं, वर कोरडं राहील असं.
जाळीचे दोन भाग झाकले, एक उघडा.
लपायच्या डब्यात ओलं शेवाळ.
काट्यावर माझा भरवसा नव्हता. कौसडीकरांनी
बाटलीच्या झाकणात ओलं मीठ घेतलं, काट्यासकट
पिशवीत बांधून रात्रभर ठेवलं.
पंच्याहत्तर दाखवायला हवं होतं. दाखवलं सदुसष्ट.
म्हणजे आठ कमी सांगतो.
चालायचंच, आमच्या नळाला मीटर आहे, त्याचंही असंच.

मेअखेरीस कात निघाली. एकसंध,
पायमोजा उलटा काढावा तशी, ओठांपासून शेपटीपर्यंत.
कौसडीकरांनी ती ट्यूबलाइटपुढे धरली,
"मोजा, मिस्त्री, डावीकडे मोजा."
डाव्या डोळ्याच्या जागी दोन टिकल्या होत्या,
एकीवर एक.
नवा काटा आला होता म्हणून
जुना त्यांनी मलाच देऊन टाकला, मजुरीच्या वर.

घरी निखतचा घोळणा फुटला होता,
रझिया ओला रुमाल धरून बसलेली.
कूलर कोपऱ्यात, दोन उन्हाळे पंपावाचून;
गिऱ्हाइकांचे आधी, आपला नंतर.
काटा खिळ्याला टांगला. सोळा.
आठ मिळवले. चोवीस.
रझिया म्हणाली, हे काय आणलंत?

घमेल्यात पाणी, त्यात वाळ्याची जुडी उभी,
ओली चादर दाराला, खिडकी एक बोट उघडी.
रात्रभर दोनदा उठलो.
पहाटे काट्यावर एकतीस होते, अधिक आठ.
निखत तोंड मिटून झोपली होती.