सावलीची बाजू

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी
तोच फोटो त्रेसष्टाव्यांदा आला.
या वेळी रोखाया मावशीकडून,
सोबत तिचा आवाज, रडून बसलेला:
"माजिगेन, काल सकाळी, नदीच्या मुखाशी, चाळीस जण,
सगळे आपल्या गेट-न्दारचे.
पुढे पाठव. ज्याचं कुणी असेल त्याला पाठव."

मावशीला वाचता येत नाही.
पण पुढे पाठवायचा बाण
तिच्या अंगठ्याला सुरीच्या मुठीइतका सवयीचा आहे.

मी गच्चीवर गेले. रेंज तिथेच येते,
वाळत घातलेल्या चादरी आणि शेजाऱ्यांची मेंढी
यांच्या मधल्या हातभर जागेत.
बॅटरी अकरा टक्के.
फोटोतली माणसं आधी पाहायची नाहीत,
हे मी पहिल्याच वर्षी शिकले.
आधी कडा.

उजव्या कडेला डोंगर होता.
आमच्या सें-लुईत डोंगर नाही, उंच म्हणजे
मिनार आणि पाण्याची टाकी.
मग सावल्या.
आमचा समुद्र पश्चिमेला,
सकाळची सावली लाटांकडे धावते.
इथे ती लाटांना पाठ करून पडली होती.

मग धक्क्यावरच्या पाप वागानला फोन.
शिव्या देतच उठला, टॉर्च घेऊन
होड्या मोजायला गेला.
मी वाळूतली त्याची पावलं ऐकत राहिले.
"सगळ्या आल्यात. एकीचं इंजिन बसलं होतं,
ती ओढून आणली. झोप आता."

तीन चाळीसला मूळ सापडलं.
तीन वर्षांपूर्वीचं. उत्तरेकडची बेटं,
दुसऱ्याच कुणाचा किनारा.

मी वीस सेकंद बोलले, वोलोफमध्ये, हळू,
कारण ओरडून सांगितलं तर खरंही
अफवेसारखंच ऐकू येतं.
"हा फोटो आपला नाही. या वर्षाचा नाही.
आपल्या होड्या किनाऱ्यावर आहेत."
दोनशे सहा ग्रुप.
उजाडता उजाडता मावशीचं लाल हृदय आलं,
आणि त्याच्या पाठोपाठ
लिंबाने मधुमेह जातो म्हणून एक व्हिडिओ.

नऊ वाजता अराम आली.
हातांना खवले चिकटलेले,
फोन प्लास्टिकच्या पिशवीत.
बस म्हटलं, बसली नाही.
"तीन वर्षं म्हणालीस."
"हो."
"नक्की?"
"नक्की," मी म्हणाले,
आणि जरा तोऱ्यातच म्हणाले.

तिने फोटोवर दोन बोटं ठेवली
आणि उघडला तो,
ताजा की शिळा पाहायला
माशाचा कल्ला उघडतात तसा.

पिवळा सदरा.
पालथा पडलेला नाही, कुशीवर. म्हणून खिसा दिसतो.
खिसा हिरव्या दोऱ्याने शिवलेला.
"पिवळा दोरा संपला होता त्या दिवशी," ती म्हणाली.

बिरान. तिचा धाकटा.
तिकडे टोमॅटोच्या शेतावर आहे,
नंबर हरवला म्हणून फोन येत नाही,
असं कुणीतरी कुणाला तरी सांगितलं होतं.
"ते मात्र मी कधी
तुझ्याकडे तपासायला आणलं नाही."

खाली रस्त्यावर बर्फाची गाडी हॉर्न देत होती.
तिचा माल उन्हात होता, तिने तिकडे पाहिलंही नाही.

"रात्री बोललीस ना, आपला नाही म्हणून?
तसंच म्हण परत. ग्रुपवर नको.
मला म्हण."

मी फोन हातात घेतला.
विचारलं, सदरा कुठल्या कापडाचा होता,
खिसा डावीकडे की उजवीकडे,
अशी शिवण आणखी कुणी घालतं का.
आवाज माझाच होता, रात्रीचाच, हळू.
ती एकेकाचं उत्तर देत राहिली.

मग मी तो खिसा मोठा केला,
आणखी मोठा केला.
एका हद्दीनंतर दोरा दोरा राहत नाही.
नुसते चौकोन,
हिरवे, काही पिवळे,
आणि एक असा की
कुठला रंग म्हणावा.