परवड

आयव्होन लोंबा जिना चढते तेव्हा
आधी तिचा डावा गुडघा बोलतो, मग ती.
पॉटकेटमधली ही तीनमजली लाकडी घरं,
मजल्यागणिक एक घंटा, त्यांतली एखादीच वाजणारी.
मी मागून येते, यादी घेऊन.
मला इथे मत नाही, पाय आहेत.

पहिल्या मजल्यावर मिस्टर गॉडेट
साखळी परवानगी देते तेवढंच दार उघडतात.
ऑगस्टचा घाम टिपत तेलाचं बोलतात,
तळघरातल्या टाकीचा काटा पावावर आहे म्हणतात.
"मतं मागता? आधी माझ्यासाठी तेल मागा."
आयव्होन हसत नाही.
किती गॅलन लागतं, विचारते.
भाव तिला तोंडपाठ आहे, सेंटसकट.
साखळी तशीच राहते,
पण दारातला डोळा थोडा पुढे येतो.

दुसऱ्यावर डेल्मी. रात्रभर बेकरीत पाव भाजून
आता झोपेत उभी, कडेवर पोर.
पाळणाघराचे पैसे गेले की
पगारातून उरतो तो कणकेचा वास.
ती पत्रक घेते, मुलगा ते चोखतो,
आयव्होनच्या फोटोतली हनुवटी विरघळून जाते.

पत्रक तीन भाषांत आहे.
माझ्या भाषेत कुणी छापलं नाही, आणि का छापावं,
गावात आम्ही असू मोजून आठ-नऊ घरं.
पण छापलं असतं तर मजकूर लागलाच नसता.
परवडणं, आणि त्याच शब्दाच्या पोटात परवड.
हे मी आयव्होनला जिन्यात सांगितलं.
ती म्हणाली, परत म्हण.
मी म्हटलं.
पुढचा अख्खा जिना ती तो शब्द
चुकीच्या ठिकाणी जोर देत घोळवत राहिली.

तिसऱ्यावर मा कोर्तो.
तिने खुर्ची दिली, पाणी दिलं,
पत्रक न वाचता उलटं ठेवलं
आणि विचारलं, "तुझं भाडं किती गं?"

पाच आठवडे, अकराशे दारं,
हे कुणी विचारलं नव्हतं.
आयव्होनने पाणी संपवलं. मग आकडा सांगितला.
मग पहिल्या तारखेपासूनचा नवा आकडा.
घर विकलं गेलंय, नवा मालक डेलावेअरमधली एक कंपनी,
तिला सही आहे, चेहरा नाही.
मा कोर्तोने जीभ टाळ्याला लावून एक आवाज काढला
आणि पेला पुन्हा भरला.

परवडेल अशी एकच जागा मिळाली होती तिला,
लॉन्ड्रीच्या समोर, दोन खोल्या, खिडकीत ऊन.
पण लॉन्ड्रीपाशी मतदारसंघ संपतो.
कुणीतरी कधीतरी पट्टी ठेवून ओढलेली रेघ
नेमकी झेब्रा क्रॉसिंगवरून जाते.
पलीकडे राहायला गेली
तर अलीकडच्यांसाठी उभी राहता येत नाही.
आम्ही दोघी त्या फुटपाथवर थांबलो एकदा.
सिग्नल चालायचा झाला, थांबायचा झाला,
पुन्हा चालायचा.
ती घड्याळ बघून म्हणाली,
"पाच वाजेपर्यंत अजून चौदा दारं होतील."

तिने जुन्याच घराच्या नव्या भाड्यावर सही केली,
आणि दवाखान्यात रविवारची पाळी मागून घेतली,
शनिवारची तर होतीच.
प्रचार हातात राहावा म्हणून घर ठेवलं,
घर राहावं म्हणून प्रचार माझ्या हातात दिला.

आता शनिवार-रविवारी मी एकटी फिरते.
लोक विचारतात, त्या कुठे आहेत?
कामावर, मी सांगते.
कुणी "अरेरे" म्हणत नाही.
मान हलवतात, जणू ओळख पटली.
मिस्टर गॉडेट साखळी काढतात,
जिन्यातला दिवा गेलाय म्हणून
टॉर्च घेऊन वरपर्यंत सोबत येतात.

काल यादीत तिचंच नाव आलं.
लोंबा, आयव्होन, दुसरा मजला, मागचं दार.
रकाने तीन: होय, नाही, घरी नाही.
नियम म्हणजे नियम, मी घंटा दाबली.
आत फ्रिज घरघरत होता.
खिडकीत तिचाच फलक, एका कोपऱ्यात
चिकटपट्टी सुटलेली.

मी ती अंगठ्याने नीट दाबली
आणि तिसऱ्या रकान्यात खूण केली.