दोन चौकट

बुधवारी, नाशिकरोडला, प्रेसच्या क्लबात
खैरनारबाईंनी उघडलं : एक बदाम.
माझ्याकडे पाच इस्पिकं, गुण जेमतेम सात.
'एक इस्पिक' जिभेवर आलेलं,
तेवढ्यात विसपुते मधे पडले :
दोन चौकट.
जन्म लासलगावच्या लिलावात गेलेला,
भाव चढवणं त्यांच्या हातचा मळ.

आता बोलायचं तर एक पायरी वर.
सात गुण तिथवर पोचत नाहीत.
आणि विचार करत बसावं
तर रेंगाळणं हेही सांगणंच,
चाळीस वर्षं कोऱ्या नोटा मोजून
एकही खिशात न घातलेल्याला
ते जमायचं नाही.
पास, म्हटलं. लगेच.

धात्रकही पास.
बाईंनी पत्ते मिटले.
डबल.

म्हणजे ऐकू गेलं होतं.

दोन इस्पिक, मी म्हणालो.
मघाचंच ते,
फक्त महाग.