साकु

सोयरीक बघायची, तर कुणाच्याच घरी नको
असं फोनवर ठरलं.
त्यांचं बैलहोंगल, आमचं वडगाव,
आणि मधलं म्हणून खानापूर रोडचं ते नवं हॉटेल.
अंतर मोजलं तर मधोमध नव्हेच,
पण दोघांपैकी कुणाचंच नाही, म्हणून मधलं.

नववा मजला.
लिफ्टच्या आरशात ह्यांनी तिसऱ्यांदा भांग पाडला.

आत दिवे इतके मंद
की वीरेशचा चेहरा नीट दिसेना,
आणि आमच्याच मागावर विणलेली माझी साडी,
काठाला रुईफूल, दोन महिने खपून उठवलेलं,
तिथं नुसतीच काळी.

कार्ड लग्नपत्रिकेपेक्षा जाड.
त्यात ना क होता ना ಕ.
गावात पाट्यांच्या अक्षरांवरून
किती दगड, किती डांबर;
इथं दोघांचीही अक्षरं नाहीत
तर केवढी शांतता!
पोरगा वाकून हिंदीत विचारत होता,
पाणी साधं की बाटलीचं.

मग आलं एक सार, फोडणी नसलेलं.
मग परातीएवढ्या ताटलीत लिंबाएवढा भात,
आणि त्या भातात उभी खोचलेली
ज्वारीची कागदासारखी चकती.
मी सकाळी अठरा भाकऱ्या थापून आले होते.
बघत राहिले त्या झेंड्याकडे.
ईरण्णांनी तो मोडला, तोंडात टाकला,
आणि मिशीआड काहीतरी गिळलं.
मला वाटतं, शब्द.

शारदक्का म्हणाल्या, छान आहे हं,
मराठीत, माझ्यासाठी.
मी म्हणाले, छलो ऐती,
कानडीत, त्यांच्यासाठी.
दोघी एकमेकींच्या भाषेत खोटं बोललो.

आणखी काही?
साकु, ईरण्णा म्हणाले.
बस्स, हे म्हणाले.
बिलासाठी तेवढी खरी झटापट झाली.
ह्यांचा हात आधी पोचला. सहा हजार चारशे.
(त्या हाताला पुढं आठवडाभर मी बोलत होते.)

खाली गाड्यांपाशी नमस्कार झाले.
पोट भरलं. होट्टे तुंबितु.
आणि आपापल्या दिशेला.

पहिल्याच वळणावर शांभवी म्हणाली,
आई, मला भूक लागलीय.
ह्यांनी काही न बोलता
गोवावेसकडं गाडी घातली.

पावणेअकरा वाजलेले. गाड्यावर स्टोव्हचा आवाज,
कढईत मिरच्या उड्या मारतायत,
आणि कढईपलीकडं
रेशमी शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत सारून
ईरण्णा. तोंड भरलेलं.
शारदक्का मिरचीला देठाशी धरून.
वीरेश प्लास्टिकच्या स्टुलावर, मांडीवर गिरमिटाचा कागद.

बैलहोंगलची वाट इकडून जात नाही.

आधी कोण हसलं आठवत नाही,
बहुतेक गाडेवालाच.
ईरण्णा जरा सरकले, स्टोव्हपाशी मला जागा केली
आणि माझ्याकडं बोट करून ओरडले, इन्नोंदु!
मग दुसरी आली, मग तिसरी,
साकु कुणीच म्हणेना.

तिथं कळलं, त्यांची आई गडहिंग्लजची.
रागावली की मराठीतच रागवायची,
म्हणून अजूनही मराठी ऐकलं की
ते आधी पाठ ताठ करतात.
शारदक्कांना साखर आहे, आणि त्या गोळी विसरल्यात.
माझ्या साडीचा काठ त्यांनी
बल्बच्या उजेडात धरून पाहिला,
तेलकट बोटं लांब ठेवून, मनगटानं.
पोरं मात्र आपापल्या फोनमध्ये.
तेव्हाच ओळखायला हवं होतं.

सोयरीक जमली नाही.
शांभवी नको म्हणाली, कारण सांगितलं नाही.
वीरेशही म्हणे नकोच म्हणणार होता,
आमचं उत्तर आधी गेलं एवढंच.
ह्यांना त्या सहा हजार चारशेंचं वाईट वाटलं.
मला कशाचं वाटलं, ते मला अजून
नीट सांगता येत नाही.

दिवाळीत डबा आला स्टीलचा,
झाकणावर टाचणीनं कोरलेलं कानडी नाव,
आत करदंट. चिठ्ठी नव्हती.
रिकामा डबा परत पाठवायची रीत
त्यांच्याकडंही नसणार, आमच्याकडं तर नाहीच.
कुंदा भरून ठेवलाय.
दोनदा भरला, दोनदा घरातच संपला.
बैलहोंगलला जाणारं कुणी भेटतंय का बघतेय.