झोल

पंप गेला तेव्हा हवालदाराने विचारलं, कॅमेरा आहे?
जसं विचारावं, साक्षीदार आहे?
विहिरीवर कापलेल्या पायपाचं तोंड तेवढं होतं
आणि ते काही बोलत नव्हतं.

मस्कतहून मुलगी म्हणाली, बिनवायरीचा घ्या बाबा,
चिकटवला की झालं.
पणजीतल्या दुकानदाराने आधी घर विचारलं.
दिवाडी, म्हटलं. चिऱ्याचं. भिंत हातभर जाड.
तो हसला. चिऱ्यातून बायकोची हाक जात नाही,
वायफाय कुठलं जाणार?
खरं होतं.
हाक जायची नाही म्हणून ती ताट वाजवायची.

वायरीचाच घ्या. एकाच वायरीतून वीज जाते,
त्याच वायरीतून चित्र परत येतं.
हे मला लगेच कळलं.
तीस वर्षं फेरीबोट चालवली मी,
ज्या पाण्यावरून गेलो त्याच पाण्यावरून आलो.

खोका मांडीवर घेऊन बोटीत बसलो.
सुकाणूवरचा पोरगा म्हणाला, कितें हाडलां?
डोळो, म्हटलं.

सगुण शिडी घेऊन आला, कानावर पेन्सिल.
पश्चिमेकडे नको, संध्याकाळी आंधळा होईल.
फार वर नको, नुसती टकलं दिसतील.
वळचणीखाली, नऊ फुटांवर, खाऱ्या वाऱ्याला पाठ करून.
ड्रिल चिऱ्यात शिरलं
आणि भिंतीतून लाल पीठ गळायला लागलं.
भोक बाहेर उतरतं ठेवलं, तसूभर.
वायर सरळ आत घातली नाही.
आधी खाली सोडली, मग वर घेतली,
पोटाशी एक झोल ठेवला.
पाणी वायरीवरून घसरत येतं काका,
झोलाशी पोचलं की आत जावं की पडावं
असा विचार करतं,
आणि पडतं.
मी म्हटलं, नाही पडलं तर?
पडतं, म्हणाला. त्याला चढाव आवडत नाही.

रेकॉर्डर कपाटात, तिच्या साड्यांच्या कप्प्यात,
कारण प्लग तिथेच होता.

पडद्यावर विहीर आली, फाटक आलं,
पोफळीची चार झाडं,
आणि कोपऱ्यात एस्पेरान्साबाईचा बलकांव,
तिची वेताची खुर्ची, खुर्चीत ती,
गाऊनच्या मांडीवर काजूबिया.
बरं नाही, म्हटलं. दुसऱ्याचं घर.
सगुणने बोटाने एक काळा चौकोन ओढला.
ती गेली. खुर्ची गेली. बलकांवच्या जागी
स्लेटपाटीएवढा अंधार.

मी सभ्यपणाने तिला सांगायला गेलो,
बाई, काळजी नको, तू दिसत नाहीस.
तिने बिया खाली ठेवल्या.
रोहिदासबाब, माका कित्याक पुसून उडयली?

मी कायद्याचं काही बोललो, शेजारधर्माचं काही.
ती ऐकत नव्हती.
पोरगा स्विंडनला. इनास गेला.
गेल्या आश्विनात या पायरीवर पडले मी,
अकरा वाजता पडले, दूधवाला आला सकाळी.
रात्रभर तुझ्या घरातला दिवा बघत होते.
मोठा दिवा आहे तुझा.

मला आठवलं, त्या रात्री मी जागाच होतो,
रेडिओ ऐकत.

पासवर्ड दोनदा चुकला.
तिसऱ्यांदा मेन्यू उघडला, चौकोन पुसला,
पुन्हा काढला, लहान:
तिची खिडकी झाकली, पायरी उघडी ठेवली.
खुर्ची अर्धी येते. तेवढीच पुरे, म्हणाली,
आणि दुसऱ्या दिवशी खुर्ची सरकवून
अख्खी आत आली.

आता रात्री जाग आली की बघतो.
भिंगापुढे कोळी लोंबतो, घरापेक्षा मोठा.
तीन वाजता उदमांजर विहिरीच्या कठड्यावरून चालतं,
डोळे दोन पांढरी भोकं.
पायरी रिकामी असते.
रिकामी पायरी बघून
मी कूस वळतो.

चोर काही आला नाही.
पंप नवा घेतला.
पाऊस आला की बाहेर जाऊन बघतो,
पाणी झोलाशी येतं,
थांबतं.