पालकसभा, अकरावी 'क'

सभा दुपारी दोनची,
पण औराद शहाजानीचे बसलिंगअप्पा
बारापासूनच व्हरांड्यात बसलेत.
मांडीवर पिशवी, पिशवीत लेकीसाठी धपाटे,
आणि सदऱ्याच्या वरच्या खिशात
घडी करून आणलेली दहावीची गुणपत्रिका.
ती मी मागितलेली नव्हती.

"चौऱ्याण्णव व्हते की हो सर."

व्हते.
आणि पहिल्या घटक चाचणीत
पन्नासपैकी सतरा.

सव्वीस वर्षं झाली लातुरात फिजिक्स शिकवतोय,
न्यूटनचे नियम झोपेत सांगेन,
पण दर ऑगस्टला कुणीतरी हे एक वाक्य
टेबलावर ठेवतं
आणि मी पाण्याचा ग्लास शोधू लागतो.

सकाळी फळ्यावर पाच मुद्दे लिहिले होते,
पालकांसाठी, खडूचे दोन रंग वापरून.
चौथ्यात होतं : मुलांना वेळेचं नियोजन शिकवा.
अप्पांच्या चपलेवरची धूळ पाहिली
आणि डस्टर उचललं.

शिवलीला खिडकीशी उभी,
अंगठ्यावरची शाई खरवडत.
परवा प्रयोगशाळेत म्हणाली होती,
"सर, गावात मी एकटीच हुशार व्हते.
इथं समदेच हायेत."
काय सांगणार?
एकशे वीस पहिले नंबर एका खोलीत बसवले
की एकशे एकोणीस जणांचं
काहीतरी हरवतंच.

अप्पा, तिचं पुस्तक आतापर्यंत
तिच्याशी आपल्या भाषेत बोलत होतं.
वेग म्हणजे वेग.
आता तोच व्हेलॉसिटी होऊन येतो,
आधी त्याला ओळखायचं, मग त्याचं गणित.
शेजारच्या बाकावरचा पोरगा
त्याला बालवाडीपासून ओळखतो.
ती घटकाभर मागं राहते.
पेपरात तेवढी घटका नसते.

चाकूरच्या नसरीनताईंनी मधेच विचारलं,
मोबाईल द्यावा का काढून घ्यावा?
खरं तेच सांगितलं : माहीत नाही.
माझ्या पोराचा काढून घेतला
तर त्यानं मित्राचा वापरला.
सगळे हसले. कुणीतरी पंखा वाढवला.
मग बाकीचे प्रश्न आले,
मेसच्या डाळीचे, रात्रीच्या रडण्याचे,
डिसेंबरात येळवस आहे
आणि त्याच दिवशी टेस्ट, याचे.
वेळापत्रक मी करत नाही, म्हणालो.
एक आई नुसती बघत राहिली.
बरं, न्या शेतात. आंबील पाजा.
हजेरीचं मी बघतो.

आणि रात्री नऊच्या फोनवर
आधी जेवलीस का विचारा.
किती पडले ते उद्या विचारलं तरी
कमी होत नाहीत.

अप्पा आडतीवर तोलार.
चाळीस वर्षं तूर, हरभरा, सोयाबीन.
बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग म्हणाले,
"म्हंजी माल त्योच हाय. काटा बदललाय."

मी मान हलवली.

"मग आदी शून्यावर आणावा लागतोय, सर.
नव्या काट्यावर पयलं रिकामंच पोतं ठिवून बघत्यात.
त्यात कुनाला लाज वाटत न्हाई."

खिडकीशी नखाचा आवाज थांबला.

चार वाजता रजिस्टर मिटून निघालो
तर जिन्याखाली दोघी-तिघी धपाटे खात बसलेल्या,
शिवलीलाची उत्तरपत्रिका मधे पसरलेली, ताटासारखी.
सतराच्या आकड्यावर तेल उतरलेलं.
अप्पा तिथंच उकिडवे बसून
तिसऱ्या प्रश्नावर बोट ठेवत होते,
"हितं वजाचं काय झालं गं?"

अप्पांना इंग्रजी वाचता येत नाही.
वजाबाकीचं चिन्ह मात्र
सगळ्यांच्या आडतीवर सारखंच असतं.

"सुटलं की ओ," ती म्हणाली,
तोंडात घास,
आणि पेन शोधू लागली.